दुभाष्याविना खेळलेला डाव

भीमेच्या काठचे दौंड आणि घोडनदीच्या काठचे शिरूर ही पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांची ठाणी परभाषेला कधीच अपरिचित नव्हती. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग वाहतुकीस खुला झाला आणि मुंबईहून सोलापूरमार्गे मद्रासकडे जाणाऱ्या रुळांना उत्तरेकडचा फाटा दौंडलाच फुटला. तेव्हापासून रेल्वेच्या चाकरीनिमित्त आलेली कितीतरी अमराठी कुटुंबे या गावात नांदली. शिरूरला तर कंपनी सरकारची छावणी होती. १८१७ सालच्या अखेरच्या रात्री कोरेगावच्या दिशेने कूच केलेली पलटण तेथूनच निघाली होती. पुढच्या काळात छावणी गेली आणि कारखाने आले. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कोरियातील आणि इटलीतील कंपन्यांची नावे दरवाजांवर झळकू लागली, आणि शिरूर ओलांडून नगरच्या रस्त्याने पुढे गेले की पारनेर तालुक्यातील सुपे येथे जपानी उद्योगांसाठी राखून ठेवलेली वसाहत लागते. परभाषिक येथे आला तो पलटणीतून, आगगाडीतून किंवा कारखान्याच्या मोटारीतून. परंतु तो सदेह आला, त्याचा चेहरा दिसला, आणि हातवारे करून का होईना, त्याच्याशी चार शब्दांचा व्यवहार करता आला.

गेल्या काही वर्षांत या दोन्ही गावांतील तरुणांच्या आयुष्यात एक निराळ्याच जातीचा परभाषिक आला आहे. त्याचे मुखदर्शन होत नाही, त्याचे खरे नाव कळत नाही, तो ओसाकाचा की साप्पोरोचा हेही समजत नाही. आणि तरीही अर्धा-पाऊण तास तो आपला सहकारी असतो, आपल्या चुकीने तो मरतो आणि त्याच्या सावधपणाने आपण वाचतो. भ्रमणध्वनीवर अथवा संगणकावर एकाच वेळी अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांत जपानी भाषिक खेळाडूंशी गाठ पडणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. या गाठीभेटींत कोणत्या साधनांनी संवाद घडतो, तो कोठे अडतो आणि त्यात मराठीचे स्थान काय, याचा विचार मात्र आपल्याकडे अद्याप कोणी गंभीरपणे केलेला दिसत नाही. ज्या व्यवहारात आपल्या मुलांच्या कित्येक संध्याकाळी खर्ची पडतात, तो केवळ कालापव्यय म्हणून निकालात काढणे हा सुशिक्षित समाजाचा धर्म नव्हे. म्हणून हा लेखप्रपंच.

भाषेच्या आधी ज्या तीन अडचणी आडव्या येतात त्यांतल्या पहिल्या दोन अंतराच्या आणि वेळेच्या. मुंबई आणि तोक्यो यांमधील सरळ अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर या गतीने धावतो, म्हणजे नुसत्या जाण्यायेण्यालाच सेकंदाचा पंधरावा भाग लागावा. प्रत्यक्षात समुद्रतळाच्या तारा वळणे घेत जात असल्याने हा विलंब सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही अधिक होतो. वाचकाला हे कालमान क्षुल्लक वाटेल. परंतु नेम धरून गोळी झाडण्याच्या खेळात जय आणि पराजय यांमधले अंतर एवढेच असते, आणि म्हणूनच अशा खेळांची यंत्रणा मुंबईच्या खेळाडूला शक्यतो मुंबईतील संगणकाशी आणि तोक्योच्या खेळाडूला तोक्योतील संगणकाशी जोडून मोकळी होते. दुसरी अडचण घड्याळाची. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी पुढे आहे. दौंडचा मुलगा रात्री साडेनऊला जेवण आटोपून खेळावयास बसतो तेव्हा तिकडे रात्रीचा एक वाजलेला असतो. म्हणून ज्याला जपानी सोबती हवे असतात त्याला शनिवार-रविवारची सायंकाळ साधावी लागते; आपल्याकडील पाच म्हणजे तिकडील साडेआठ. ‘पोकेमॉन गो’ या खेळात दर बुधवारी स्थानिक वेळेप्रमाणे सहा ते सात या तासात सामुदायिक चढाया होतात, आणि २०२० पासून दूरस्थ मित्राला त्यांचे आमंत्रण देण्याची मुभा आहे. जपानी मित्राचे असे आमंत्रण शिरूरमध्ये पोहोचते ते बुधवारी दुपारी अडीच ते साडेतीनच्या दरम्यान, म्हणजे नेमक्या शाळा-कॉलेजांच्या वेळात.

तिसरी अडचण सरकारी फर्मानांची. ‘पबजी मोबाईल’ हा खेळ एके काळी आपल्या खेड्यापाड्यांत पसरला होता, आणि त्यात खेळाडूला आशिया, युरोप, कोरिया-जपान असे निरनिराळे विभाग निवडता येत असत. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९अ कलमान्वये ज्या ११८ उपयोजनांवर बंदी घातली त्यांत हा खेळ होता. पुढे जुलै २०२१ मध्ये त्याची खास भारतीय आवृत्ती निघाली, जुलै २०२२ मध्ये तीही दुकानांतून काढली गेली आणि मे २०२३ मध्ये परत आली. परंतु ती केवळ भारतीयांसाठी असल्यामुळे तिच्या रणांगणावर आता परमुलखातील माणूस भेटत नाही. या निर्णयामागील सुरक्षेची कारणे हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे; येथे नोंद करावयाची ती एवढीच की ज्या खेळाने तालुक्यातील बहुसंख्य मुलांना प्रथम परदेशी सहकाऱ्याची चाहूल दिली, त्याचीच वेस बंद झाली. आता जपानी खेळाडू भेटतो तो ‘फायनल फँटसी चौदा’, ‘मॉन्स्टर हंटर’, ‘एल्डन रिंग’, ‘पोकेमॉन युनाइट’ यांसारख्या खेळांत. म्हणजे ज्याच्याकडे बरा संगणक आहे किंवा ज्याने रूढ वाट सोडून दुसरा खेळ निवडला आहे, त्यालाच.

ही तिन्ही कुंपणे ओलांडून गेलेल्या खेळाडूपुढे मूळ प्रश्न उभा राहतो, की बोलावयाचे कसे? या प्रश्नाचे पहिले सुविहित उत्तर खुद्द जपानी कारागिरांनीच शोधले. डिसेंबर २००० मध्ये सेगा कंपनीच्या ‘सोनिक टीम’ने ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ हा खेळ काढला. निरनिराळ्या खंडांतील माणसे एकाच मोहिमेवर जाणार हे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली होती. त्यात तयार वाक्यांचा एक संग्रह होता. खेळाडूने आपल्या भाषेतील वाक्य निवडले की समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसे. जपानी, इंग्रजी, जर्मन, फ्रेंच आणि स्पॅनिश या पाच भाषांत हा व्यवहार चाले. शिवाय लहान लहान आकृत्या जुळवून स्वतःचे चित्रसंकेत तयार करण्याची सोय होती, त्यामुळे ज्याला वाक्यही नको असेल तो रडका किंवा हसरा चेहरा रेखून आपले मनोगत कळवू शकत असे.

सुमारे दीड वर्षाने, मे २००२ मध्ये, ‘फायनल फँटसी अकरा’ हा खेळ जपानात प्रसिद्ध झाला आणि पुढच्या वर्षी तो अमेरिकेत पोहोचला. इतरांनी जपानी व अमेरिकी खेळाडूंना वेगळ्या दालनांत बसविले असते; येथे त्यांना एकाच जगात ठेवण्यात आले. त्यासाठी जी वाक्यावली दिली होती तिच्यात अभिवादने, प्रश्न, उत्तरे, स्थळांची नावे, शस्त्रे, औषधे, व्यवसाय असे विभाग होते. काही अक्षरे टंकित करून एक कळ दाबली की त्या शब्दाला रंगीत कंस लागत, आणि कंसातला मजकूर वाचणाऱ्याच्या भाषेत प्रकट होई. या कंसांची माळ ओवून खेळाडू जी वाक्ये बनवीत त्यांत व्याकरण नसे, परंतु अर्थ असे: स्थळाचे नाव, त्यापुढे ‘मदत’, त्यापुढे ‘कृपया’, एवढ्यावर माणसे धावून जात.

दौंडच्या लोहमार्गावर वाढलेल्या माणसाला हे तत्त्व उमगावयास वेळ लागू नये. गाडीचा चालक एका प्रांताचा आणि गार्ड दुसऱ्या प्रांताचा असला तरी हिरव्या-तांबड्या निशाणाचा अर्थ दोघांना एकच असतो, आणि शेकडो प्रवाशांचे प्राण त्या एकवाक्यतेवर निर्धास्त सोपविलेले असतात. ठरावीक संकेतांचे सामर्थ्य हे, की ते थोडे असतात, आधी ठरलेले असतात आणि त्यांचा दुसरा अर्थ लागत नाही.

तथापि या वाक्यावलीची मर्यादाही त्याच खेळात उघड झाली. तेथे मृत्यू आला तर कष्टाने कमावलेला अनुभव वजा होई, आणि सहा जणांच्या तुकडीत एकाचा गैरसमज झाला तरी झळ सर्वांना लागे. म्हणून काही जपानी खेळाडू आपल्या नावापुढे ‘फक्त जपानी’ असा फलक लावीत आणि परदेशी खेळाडूंना तो अपमान वाटे. वस्तुतः त्यामागे पुष्कळदा द्वेषापेक्षा धास्ती होती. समोरच्याला आपण काय सांगितले ते नक्की कळले आहे, याची खात्री देण्यास कंसातले शब्द अपुरे पडत होते.

यावर जपानी खेळाडूंनी स्वतः जो तोडगा काढला तो कोणत्याही कंपनीने दिलेल्या सोयीपेक्षा मला अधिक शिकण्यासारखा वाटतो. ‘फायनल फँटसी चौदा’मध्ये आठ जणांच्या कठीण लढाया असतात. जपानी विभागात अशी तुकडी जमली की एक जण लढाईपूर्वी ठरलेला तक्ता संवादपटावर टाकतो: मुख्य ढाल ‘एमटी’, दुय्यम ढाल ‘एसटी’, दोन शुश्रूषक ‘एच१’ आणि ‘एच२’, चार प्रहारकर्ते ‘डी१’ ते ‘डी४’. प्रत्येकाने आपली जागा सांगावयाची, आणि कोणत्या क्षणी कोणी कोणत्या दिशेस उभे राहावयाचे ते त्या तक्त्यावरून जाणावयाचे. लढाई सुरू झाल्यावर जवळजवळ कोणी काही बोलत नाही, कारण बोलण्याचे प्रयोजनच आधी संपविलेले असते. परदेशी खेळाडूला जपानीचे एक अक्षर येत नसले तरी हा तक्ता वाचावयास शिकला की तो त्या तुकडीचा बरोबरीचा घटक होतो. पूर्वतयारी ही येथे भाषेची जागा घेते.

परंतु या नीरव शिस्तीलाही आरंभ आणि शेवट यांचे शिष्टाचार आहेत, आणि ते न पाळणारा, कितीही निष्णात असो, परकाच राहतो. डाव सुरू होताना ‘योरोशिकु ओनेगाइशिमासु’ आणि संपताना ‘ओत्सुकारेसामा देशिता’ हे दोन उद्गार जपानी खेळाडूच्या अंगवळणी पडलेले असतात. पहिल्याने तो स्वतःला तुमच्या सद्भावनेवर सोपवितो आणि दुसऱ्याने तुमच्या श्रमांची दखल घेतो. घाईत दुसऱ्याचे नुसते ‘ओत्सु’ होते. ओळीने आठाचे आकडे लिहिले तर त्या टाळ्या समजाव्यात, कारण आठला ‘हाची’ म्हणतात आणि टाळीच्या ‘पाची पाची’ या आवाजाशी त्याचा नाद जुळतो. चूक झाली असता ‘गोमेन’, दुसऱ्याची चूक पोटात घालताना ‘दोनमाइ’. ध्वनिवर्धक मात्र पुष्कळ जण बंदच ठेवतात. अपरिचितांच्या डावात मोठ्याने बोलत राहण्याची आपल्याकडील सवय त्यांच्याकडे तितकीशी रूढ नाही. म्हणून त्यांचे मौन हा तुटकपणा समजून रुष्ट होणे अयोग्य, आणि ते मौन मोडण्यासाठी आरडाओरडा करणे तर त्याहून अयोग्य. आपल्या तरुणांनी हे पाच-सहा शब्द आणि एवढे भान जवळ ठेवले, तर पहिल्या परिचयाचे निम्मे काम झाले असे म्हणावयास हरकत नाही.

शब्दांवाचून सहकार्य घडविण्याच्या या कल्पनेमागे एक मानवी अनुभवही आहे. ‘डेमन्स सोल्स’ या २००९ सालच्या खेळाचे दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी यांनी एका मुलाखतीत सांगितले आहे, की बर्फाच्छादित चढणीवर त्यांची मोटार अडकली असता मागून येणाऱ्या अनोळखी मोटारींनी परस्परांना ढकलत वर नेले आणि आभार मानण्याची संधीही न देता सर्व जण आपापल्या वाटेने गेले. तशा क्षणिक परंतु निरपेक्ष साह्याचे रूप त्यांना आपल्या खेळात आणावयाचे होते. त्यांच्याच ‘एल्डन रिंग’मध्ये (२०२२) खेळाडू ठरावीक शब्दांतून जुळविलेला संदेश जमिनीवर लिहून ठेवतो, आणि मागून येणाऱ्या अज्ञात खेळाडूला तो त्याच्या स्वतःच्या खेळाच्या भाषेत वाचावयास मिळतो. पुढे खड्डा आहे, डावीकडे वळा, धीर सोडू नका. तोक्योतील माणसाने लिहिलेली ही सूचना शिरूरच्या मुलाला वाचविते, आणि दोघांना एकमेकांचे अस्तित्व एवढेच ठाऊक असते.

कोणी म्हणेल की आता यंत्रानुवाद सर्वांच्या खिशात असताना एवढ्या खटाटोपाची गरज काय? यंत्रानुवादाचा उपयोग मी नाकारीत नाही. परंतु जपानी आणि मराठी यांच्या बाबतीत तो कोठे ठेचाळतो हे समजून घेतले पाहिजे. दोन्ही भाषा कर्ता गाळतात. मराठीत ‘गेलो’, ‘गेली’, ‘गेलास’ या रूपांतच कोण गेले ते कळते. जपानीतील ‘इत्ता’ या रूपात पुरुष, लिंग, वचन यांपैकी कशाचाही पत्ता नसतो; तो संदर्भावरून घ्यावयाचा असतो. संदर्भ न जाणणारे यंत्र अशा ठिकाणी अदमासाने एखादा कर्ता बसविते, आणि ‘मी पुढे गेलो’ याचे ‘तो पुढे गेला’ झाले की रणांगणावर अनर्थ ओढवतो. जपानी खेळाडू हसू आले की इंग्रजी डब्ल्यू हे अक्षर ओळीने लिहितात. ती ओळ गवतासारखी दिसते म्हणून हसण्यालाच ‘गवत’ अर्थाचा ‘कुसा’ हा शब्द रूढ झाला, आणि यंत्र भर लढाईत गवताची वार्ता देऊ लागते. आपल्या बाजूने ‘वाट लागली’ असे लिहिले, तर पलीकडे कोणत्या रस्त्याची चर्चा पोहोचेल ते सांगता येत नाही. म्हणून यंत्राकडे मजकूर सोपविताना एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी, कर्ता स्पष्ट लिहावा आणि वाक्प्रचार टाळावेत. एवढी दक्षता घेतली तरी यंत्र निरोप पोहोचवील. स्नेह जोडण्याची जबाबदारी मात्र माणसालाच उचलावी लागते, आणि ती उचलण्याचा मार्ग म्हणजे त्या माणसाची भाषा शिकणे.

या बाबतीत मराठी भाषिकाला काही उपजत अनुकूलता आहेत. जपानी वाक्यात कर्ता आधी, कर्म नंतर आणि क्रियापद शेवटी येते. विभक्तिदर्शक शब्द नामाच्या मागून येतात. आदरार्थाच्या पायऱ्या क्रियापदातून व्यक्त होतात. इंग्रजी भाषिकाला ज्या रचनेसाठी मन उलटे करावे लागते ती आपल्याला जन्मतःच परिचित आहे. त्यांची वर्णमाला तर आपल्याच घराण्यातली. तिचे स्वर अ, इ, उ, ए, ओ या क्रमाने येतात आणि व्यंजनांच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने. बौद्ध भिक्षूंनी सिद्धम् लिपीच्या रूपाने नेलेल्या संस्कृत वर्णविचारातून हा क्रम घडला, असे विद्वान मानतात. ७५२ साली नारा येथील महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा विधी बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाला होता. म्हणजे या दोन देशांतील वाटेला बाराशे वर्षांहून अधिक काळाचा दाखला आहे.

दौंड तालुक्यालाही परभाषा मुळापासून आत्मसात करण्याचा थोर वारसा लाभलेला आहे. अमेरिकेहून जपानमार्गे स्वदेशी परतलेल्या पंडिता रमाबाईंनी पुढे याच तालुक्यातील केडगाव येथे मुक्ती मिशन वसविले, आणि तेथेच हिब्रू व ग्रीक या मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले. १९२२ साली त्यांचे देहावसान झाल्यानंतर, १९२४ मध्ये ते संपूर्ण प्रकाशित झाले. दुसऱ्याचे भाषांतर उसने घेण्यात ज्यांना समाधान नव्हते अशा या विदुषीने उतारवयात, खेड्यात राहून, दोन प्राचीन भाषांचा व्यासंग केला. ज्या मातीत हे घडले तेथील तरुणाला जपानी अशक्य कशी म्हणावी? पुण्यात तर जपानीच्या अध्यापनाची दीर्घ परंपरा आहे. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात चालतो, टिळक महाराष्ट्र विद्यापीठातही जपानी शिकविली जाते, आणि १९८४ पासून घेतल्या जाणाऱ्या जपानी भाषाप्रावीण्य परीक्षेचे पुणे हे एक केंद्र आहे. उणीव आहे ती तालुक्याच्या ठिकाणी. खेळातून लागलेली गोडी वर्गापर्यंत न्यावयाची तर दौंडच्या विद्यार्थ्याला रोज आगगाडीने पुणे गाठावे लागते आणि शिरूरच्या विद्यार्थ्याला नगर रस्त्याची वर्दळ सोसावी लागते. सुप्याची वसाहत हाकेच्या अंतरावर असताना या दोन गावांतील महाविद्यालयांनी प्राथमिक जपानीचे वर्ग काढणे हे विद्यार्थ्यांच्या चरितार्थाच्या दृष्टीनेही अगत्याचे आहे.

आणि दुसरी मागणी आपण खेळ निर्माण करणाऱ्यांकडे केली पाहिजे. तयार वाक्यांच्या ज्या कोशाने पाच भाषांना एका पंक्तीला बसविले, त्या पंक्तीत मराठीचे पान मांडलेले नाही. दौंडचा मुलगा जपानी सहकाऱ्याला मदत मागतो ती इंग्रजी वाक्य निवडून, म्हणजे त्या क्षणी दोघांपैकी एकाला तरी आपली भाषा बाजूस ठेवावी लागते. तांत्रिक सबब आता उरलेली नाही. २०२३ साली ‘पोकेमॉन गो’ हिंदीत आला. म्हणजे देवनागरीची जोडाक्षरे खेळाच्या पडद्यावर नीट उमटविण्याचा प्रश्न सुटला आहे, आणि त्याच लिपीत मराठीसाठी ‘ळ’ आणि ‘तऱ्हा’तील अर्धा ‘र’ एवढ्यांची खबरदारी घेतली की काम भागते. अनुवाद करावयाचा आहे तोही एखाद्या महाग्रंथाचा नव्हे, तर अभिवादने, दिशा, इशारे आणि आभार यांच्या एका आटोपशीर संग्रहाचा, जो मराठी आणि जपानी दोन्ही जाणणारी पुण्यातील अभ्यासक मंडळी इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून थेट सिद्ध करू शकतील.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मज्जाव करतानाच ई-क्रीडेला मान्यता दिली, आणि २०२६ च्या आशियाई क्रीडास्पर्धा जपानातील आइची-नागोया येथे भरावयाच्या असून त्यांत ई-क्रीडा हा पदकाचा क्रीडाप्रकार आहे. अभिजातपणाचा दस्तऐवज दप्तरात जपून ठेवण्याने भाषा जगत नाही. माणसे जेथे एकमेकांना हाक मारतात, सावध करतात, क्षमा मागतात आणि शाबासकी देतात तेथे ती वापरात असावी लागते. आज आपल्या तरुण पिढीच्या अशा हाकांचे एक मोठे क्षेत्र हे खेळ आहे. जपानी खेळाडूला आपण त्याच्या भाषेत नमस्कार करावा आणि आपला निरोप त्याच्यापर्यंत मराठीतून निघून पोहोचावा, या दोन्ही गोष्टी एकाच स्नेहाची अंगे आहेत. पहिली आपल्या अभ्यासावर अवलंबून आहे, दुसरी आपल्या आग्रहावर, आणि दोन्ही आपल्या आवाक्यात आहेत.